थैली रिकामी होतच नाही

आमच्या भिशीत हाऊजीचे आकडे मी पुकारते, त्याला आता अकरा वर्षं झाली. लातुरात औसा रोडला आमची कॉलनी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला बावीस बायका जमतात, तिकिटाचे प्रत्येकी ५० रुपये, ताटात ११०० रुपये गोळा होतात आणि संध्याकाळपर्यंत ते सगळेच्या सगळे कुणाच्या ना कुणाच्या पर्समध्ये जातात. जुन्या इरकल लुगड्याची थैली मीच शिवलेली आहे. तिच्यात १ ते ९० च्या लाकडी सोंगट्या. एकदा ६ आणि ९ मध्ये गोंधळ होऊन मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासून दोन्हींच्या खाली नेलपॉलिशची रेघ आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं सगळं मी थैलीवाल्या बाईच्या नजरेनं लिहिते आहे. आणि ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते, त्यामुळे वहीत लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, हेही खरं.

गेम पाठवला परभणीच्या वन्संनी. "वहिनी, तुमचीच हाऊजी हाय बघा, फोनमधली. आकडे मशीन पुकारायलंय, तुम्ही निवांत बसा."

निवांत कसली! महिनाभर खेळले, रोज वहीत टिपलं, आणि त्यातलं इथं लिहिते. गेमचं नाव सांगत नाही. प्ले स्टोअरवर या धर्तीचे बरेच गेम आहेत, मी तीन उघडून पाहिले, साचा तिन्हींचा एकच.

पडद्यावर पाच बाय पाचचा चौकोन असतो, २५ घरं, प्रत्येकात आकडा. आपल्या हाऊजीच्या तिकिटावर तीन ओळी नि १५ आकडे असतात, सोंगट्या ९०. इथं बिंगोचा अमेरिकी प्रकार घेतलाय, ७५ पर्यंतचा. पहिल्या उभ्या रांगेत १ ते १५ मधले पाच आकडे, दुसरीत १६ ते ३०, मग ३१ ते ४५, ४६ ते ६०, शेवटच्या रांगेत ६१ ते ७५. चौकोनाच्या खाली, प्रत्येक रांगेच्या पायाशी एक अशा पाच चकत्या. बटण दाबलं की पाचही गरगर फिरतात आणि एकेक आकडा दाखवून थांबतात. तो आकडा वरच्या रांगेत असला तर घर भरलं. पाच घरांची ओळ आडवी, उभी किंवा तिरकी भरली की घंटा वाजते. पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरक्या, अशा १२ ओळी. फेऱ्या मिळतात १०. झालं, एवढाच खेळ. दोन मिनिटांत डाव संपतो. आमच्या भिशीत एक डाव पाऊण तास चालतो, कारण मधे चहा येतो आणि कुणाच्या तरी सुनेचा विषय निघतो.

खरी गंमत जोकरमध्ये आहे. चकतीवर आकड्याऐवजी जोकर आला, तर त्या रांगेतलं कुठलंही एक घर आपण निवडून भरायचं. मोठा जोकर आला तर अख्ख्या चौकोनातलं कुठलंही. इथं जरा डोकं लागतं. पहिले आठ दिवस मी जोकर दिसेल तिथं टाकत होते, तयार होत आलेली ओळ पुरी करायची, की खूश. मग एका दुपारी वहीत २५ घरं आखून प्रत्येकातून किती ओळी जातात ते मोजलं. अगदी मधल्या घरातून चार जातात. चार कोपरे आणि तिरक्या ओळींवरची आतली चार घरं, यांतून तीन-तीन. उरलेल्या सोळा घरांतून दोन-दोनच. म्हणजे मधलं घर रिकामं असताना जोकर कडेला टाकणं हा शुद्ध वेडेपणा, तिथं ओळ लगेच पुरी होत असेल तर गोष्ट वेगळी. वन्संना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं माय, मी तर हिरव्या रंगाचं घर बघून टाकायलेय." त्यांचा रोजचा स्कोअर माझ्यापेक्षा जास्त, हे इथं नोंदवून ठेवते.

दुसरी मजा मला बक्षिसांच्या शिडीत सापडली. डाव्या बाजूला तीन ओळींपासून बक्षिसं चढत जातात. आठ, नऊ, दहा, आणि मग थेट 'फुल हाऊस'. अकरा नाहीच. कॅशियरला मधला आकडा गायब दिसला की झोप लागत नाही. छपाईची चूक असेल म्हणून बाकीचे दोन गेम उघडले, तिथंही अकरा नाही. मग पेन्सिल घेऊन बसले तेव्हा उलगडलं. शेवटचं रिकामं घर कुठलंही असो, त्यातून निदान दोन ओळी जाणारच, म्हणजे ते भरलं की दोन तरी ओळी एकदम पुऱ्या होतात. दहावरून बारा. अकरावर थांबताच येत नाही. इतका आनंद झाला, की आमच्या ह्यांना उठवून सांगितलं. ते कूस बदलून झोपले.

या खेळाचं मूळ नाव स्लिंगो, स्लॉट मशीन (चकत्या फिरवायचं जुगाराचं यंत्र) आणि बिंगोचं कडबोळं. १९९४ साली न्यू जर्सीतल्या एका बांधकाम व्यावसायिकाला तो सुचला आणि पुढं एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेवरून तिकडं घरोघरी गेला. तेव्हा फेऱ्या २० होत्या आणि पैशांचा संबंध नव्हता, नुसते गुण. २०१५ साली गेमिंग रेल्म्स नावाच्या ब्रिटिश कंपनीनं तो विकत घेतला. आता इंग्लंडकडं या प्रकाराच्या पैशांवर चालणाऱ्या आवृत्त्या भरपूर आहेत. जुन्या खेळात शिंगं असलेला लाल राक्षस होता, तो आला की गुण निम्मे, आणि पंखांचं एक गुबगुबीत बाळ त्याच्यापासून वाचवायचं. माझ्या गेममध्येही राक्षस आहे. मी त्याला वसुलीवाला म्हणते. बाळ मात्र महिन्याभरात चारदाच आलं.

आपल्याकडं पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं बंद केलेत. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. मी खेळले तो नाण्यांचा खेळ. नाणी खोटी, जिंकली तरी बाहेर काढता येत नाहीत. मधेच कुणीतरी टेलिग्रामवर 'हाच गेम, पैसे थेट यूपीआयला' अशी लिंक टाकली होती, ती मी दाबली नाही. तुम्हीही दाबू नका.

आता मूळ मुद्दा, जो मला तिसऱ्या आठवड्यात कळला, तोही पैसे गेल्यावर.

त्या दिवशी संध्याकाळी कुकर लावला होता, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब. डाव असा काही जमला, की दहा फेऱ्यांत अठरा घरं भरली, तीन जोकरांच्या जिवावर. दोन्ही तिरक्या ओळींची आठच्या आठ घरं भरलेली, फक्त मधलं राहिलेलं. त्यात आकडा ३८. तो आला की दोन ओळी एकदम. आणि पाचव्या फेरीला तिसऱ्या रांगेत जोकर आला होता, तेव्हा मी तो ३८ वर टाकायचा सोडून खाली ४१ वर टाकला होता, कारण तिथं एक आडवी ओळ पुरी होत होती. स्वतःच्याच नियमातली सवलत नडली होती.

दहा फेऱ्या संपल्या आणि पडद्यावर पाटी आली, अजून एक फेरी हवी का, २५० नाणी. घेतली. ३३ आला. पुढची ३०० ला. ४५. मग ३७. ते ३७ बघून तोंडातून जे निघालं ते इथं लिहीत नाही. इकडची तिकडची घरं भरत गेली तशी पुढच्या फेरीची किंमत चढत गेली, ४२०, ५५०, ६१०. वाटलं होतं उरलेल्या मालाला भाव पडेल, गंजगोलाईच्या बाजारात संध्याकाळी मेथीच्या जुड्या मिळतात तसा. इथं उलटं. तुम्ही बक्षिसाच्या जितके जवळ, तितकी फेरी महाग. पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "काकू, तुझ्या कार्डावर पुढच्या फेरीत काय लागू शकतं याचा हिशेब मशीन करतं आणि त्यावरून भाव लावतं." म्हणजे समोरच्याला माझी पानं दिसतात आणि तो मलाच पान विकतो.

नाणी संपली. ८९ रुपयांत ५००० नाण्यांची पिशवी दिसत होती. घेतली. जिनं उभ्या आयुष्यात कुणाला शंभराची नोट न मोजता दिली नाही, तिनं एका अंगठ्यानं ८९ रुपये दिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. एकूण चौदा जादा फेऱ्या घेतल्या. ३८ आला नाही. वरण करपलं.

रात्री ह्यांना वाढून झाल्यावर वही घेऊन बसले. माझं गणित कुठं चुकलं ते शोधायचं होतं, कारण चौदा वेळा पुकारून आकडा निघू नये हे माझ्या थैलीत होत नाही. आणि तिथंच उजेड पडला. माझ्या थैलीत निघालेली सोंगटी मी ताटात ठेवते. ७० आकडे पुकारून झाले की आत २० च उरतात. तुमचा एकच आकडा राहिलेला असेल, तर प्रत्येक सोंगटीगणिक तो जवळ येतो आणि नव्वदीच्या आत येतोच येतो, प्रश्न फक्त तुमच्या आधी शेजारणीचा येतो का एवढाच. म्हणून हाऊजीत शेवटी शेवटी बायका पुढं सरकून बसतात, आणि ते बरोबरच आहे.

या गेममध्ये ३३ निघाला, की तो परत थैलीत जातो. तिसऱ्या चकतीवर ३१ ते ४५ हे पंधरा आकडे पहिल्या फेरीला होते आणि चोविसाव्या फेरीलाही तेच पंधरा आहेत. ३८ येण्याची शक्यता दर वेळी पंधरात एक. मागं कितीदा आला नाही, याचं चकतीला काहीही देणंघेणं नाही. ओळीनं चौदा फेऱ्यांत तो न येण्याची शक्यता काढली, तर आली ३८ टक्के. (हो, ३८ च. मीही दोनदा गुणाकार केला.) दहा जादा फेऱ्या घेतल्या तर येईल किंवा न येईल, निम्मे-निम्मे. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या बाबतीत काही विपरीत घडलंच नव्हतं. विपरीत होती ती माझी अपेक्षा, थैलीवर पोसलेली.

हाच हिशेब उलटा लावला तर वहीतले बाकीचे आकडेही जुळले. जोकर सोडून दिले तर दहा फेऱ्यांत २५ पैकी निम्मी, म्हणजे बारा-तेरा घरं भरायला हवीत. माझ्या नोंदी: १२, १४, ११, १३, १३, १०, १२. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत भराभर घरं भरतात, कारण तेव्हा चौकोन रिकामा असतो, पंधरापैकी पाच आकडे चालतात. मग वेग मंदावतो. सुरुवातीच्या त्या घाईनं माणूस भुलतो, 'आज हात चांगला आहे' वाटतं. सगळ्यांचाच हात सुरुवातीला चांगला असतो.

चकत्यांचंही तसंच. त्या एकेक करून थांबतात, पाचवी जरा जास्तच रेंगाळते, ६४ वर थांबल्यासारखी होते आणि टक्कन ६५ वर जाते. पुतण्यानं सांगितलं, की बटण दाबल्या क्षणी आतल्या यंत्रानं आकडे काढून ठेवलेले असतात, फिरणं हा नुसता तमाशा. सिद्धेश्वराच्या यात्रेतली चक्री निदान खरी फिरायची. खिळ्यांवर चामड्याची पट्टी घासत टक्‌ टक्‌ करत थांबायची. तो चक्रीवालाही काही थोर नव्हता म्हणा, "ताई, एकदा अजून, आता लागतंय बघा" हे त्याचंही पाठ होतं. पण त्याच्याकडं भाव ठरलेला असायचा. मी अगदी जवळ आले म्हणून चार आण्यांचे सहा आणे त्यानं कधी मागितले नाहीत.

परदेशातल्या पैशांवरच्या आवृत्त्यांचं कागदोपत्री परताव्याचं प्रमाण साधारण ९५ टक्के सांगतात. १०० लावले तर सरासरीनं ९५ परत. ऐकायला बरं वाटतं, आमच्या बँकेनं कर्जावर एवढं कमी कधी घेतलं नाही. पण आलेले ९५ माणूस पुन्हा लावतो. मग ९० आणि चिल्लर, मग ८६ च्या आत. दहा वेळा फिरवले की १०० चे ६० च्या आसपास. दोन-दोन मिनिटांचे डाव, म्हणजे वीस मिनिटांत. आमच्या ताटातले ११०० अकराशेच राहतात, फक्त हात बदलतात. एकदा मुरमुऱ्याच्या सुशीलाचा आणि चहाचा खर्च त्यातून काढायचा कुणीतरी ठराव मांडला होता, तो बायकांनी हाणून पाडला.

बाकी किरकोळ तक्रारी. दर दोन डावांमागं अर्ध्या मिनिटाची जाहिरात, तीही बहुतेक दुसऱ्या अशाच गेमची. भाषा इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. रोजच्या दीड जीबीतला बराच भाग जाहिराती खातात. फोन तापतो. सुरू करताना फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली, ती नाकारली तरी गेम चालतो, म्हणजे लागत नव्हती. रात्री अकराला 'तुमचा जोकर वाट बघतोय' असा संदेश यायचा. या वयात रात्री अकराला कुणी वाट बघतंय म्हणून फोन वाजला की घरात काय काय होतं, ते बनवणाऱ्या पोरांना कळणार नाही. सेटिंगमधून तो बंद केला.

चांगलं काय? रंग डोळ्यांना त्रास देत नाहीत, आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. जोकर कुठं टाकायचा याचा दोन सेकंदांचा विचार मेंदूला बरा वाटतो. दुखऱ्या गुडघ्यामुळं मी पंधरा दिवस बाहेर जाऊ शकले नाही, तेव्हा यानंच वेळ गेला. रोज पाच डाव फुकट मिळतात, तेवढे खेळून बंद करणाऱ्याला हा गेम वाईट नाही. पाचपैकी अडीच चांदण्या देते. त्यातली एक जोकरची, एक मोठ्या आकड्यांची आणि अर्धी शिडीवर न छापलेल्या अकराची.

वन्सं अजून खेळतात. त्यांना थैलीचं सगळं समजावलं, दोन वेळा. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं बरोबर हाय, पण मला कुठं आकडा पाहिजे, मला ती घंटा आवडती." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. रोज त्या ५० नाणी भेट पाठवतात, मीही परत पाठवते, व्यवहार चोख आहे.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा प्ले स्टोअरच्या खरेदीला त्याच्याकडून पासवर्ड लावून घेतला, आता विचारल्याशिवाय रुपया जात नाही. पासवर्ड काय ठेवलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आई, तुमच्या बँकेत स्ट्राँगरूमची एक किल्ली तुझ्याकडं आणि एक मॅनेजरकडं का असायची, ते तूच मला सांगितलंयस." आणि गेला पुण्याला.

मी त्याच्या वाढदिवसाची तारीख टाकून पाहिली. लागली नाही.